पत्रातल्या बाई, पडद्यावरच्या मॅडम

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. ज्यांची पोरगी यंदा बारावीला आहे त्यांनी तर नक्की वाचा.

आपल्या भागातल्या दोन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक जाहिरात फिरते आहे. घरबसल्या नर्सिंग, कॉलेजला जायची गरज नाही, सहा महिन्यांत सर्टिफिकेट. खाली मोबाईल नंबर. मोहाडीकडच्या एका काकांनी फोन करून विचारलं, "हे खरं आहे का जी? पोरीचं नाव टाकू का?"

टाकू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरशिक्षण आणि ऑनलाईन अभ्यासक्रमांच्या नियमांत जे विषय या पद्धतीने शिकवायला मनाई आहे, त्यांच्या यादीत नर्सिंग स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडे नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी चार वर्षांचं. सहा महिन्यांच्या घरबसल्या कागदावर कौन्सिल नोंदणी देत नाही. विषय संपला.

पण खरं तर संपत नाही. काकांचा पुढचा प्रश्न असा होता, की लॉकडाऊनमध्ये तर सगळ्या नर्सिंगच्या पोरी मोबाईलवरच शिकल्या, मग ते कसं चाललं? प्रश्न रास्त आहे. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, नर्सिंगचा नाही. पण वीसेक वर्षं सरकारी दवाखान्यांच्या बातम्या करतो आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या मागं लागलो आणि थेट दीडशे वर्षं मागं गेलो. तिथं जे सापडलं ते सांगतो.

फ्लोरेन्स नाइटिंगेलचं नाव आपण शाळेत ऐकलं, हातात दिवा घेतलेली बाई. क्रिमियाच्या युद्धातून ती १८५६ मध्ये इंग्लंडला परतली ती आजार घेऊनच, आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक काळ घरात, अंथरुणावर राहिली. लोकांनी तिच्या नावाने निधी जमवला आणि त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. नाव तिचं, पैसा तिच्या निधीचा, पण शाळा चालवायला ती तिथे नव्हती. मेट्रन होत्या मिसेस वॉर्डरोपर. पोरींना व्याख्यानं देण्याचं काम रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरकडे होतं, व्हिटफिल्ड त्यांचं नाव.

पुस्तकांत ही शाळा म्हणजे आधुनिक नर्सिंगचा उगम. ते बरोबरच आहे. पण पहिल्या दहा-बारा वर्षांत आत काय चाललं होतं ते फारसं कुणी सांगत नाही. १८७२ च्या सुमारास नाइटिंगेलने शाळेत बारकाईने लक्ष घातलं तेव्हा कळलं की व्हिटफिल्डसाहेबांनी शिकवणं जवळजवळ सोडूनच दिलं आहे. त्यांच्या दारूच्याही तक्रारी होत्या. पोरी वॉर्डात राबत होत्या, त्यांच्या हातून रुग्णालयाचं काम निघत होतं, पण त्यांना कुणी काही शिकवत नव्हतं. म्हणजे बघा, शिक्षक त्याच इमारतीत. इंटरनेट नाही, रेंजची भानगड नाही, एक जिना चढला की मास्तर. तरी वर्ग रिकामाच.

मग बदल झाले. क्रॉफ्ट नावाचे सर्जन शिकवायला आले. त्यांनी व्याख्यानांच्या नोट्स छापून दिल्या, परीक्षा घ्यायला लागले. पण माझ्या मते मोठा बदल दुसराच होता. पोरींच्या निवासात 'होम सिस्टर' नावाचं पद तयार झालं. १८७५ पासून वीसेक वर्षं मिस क्रॉसलँड या पदावर होत्या. डॉक्टरांनी सांगितलेलं पोरींना कळलं का, वही कुठवर आली, कोण मागं पडतंय, हे बघणं त्यांचं काम. आजच्या भाषेत ट्यूटर.

आणि स्वतः नाइटिंगेल? ती घरातच. पण पोरींना एकेकीला घरी बोलवायची, चहा पाजायची, बोलून झाल्यावर त्या पोरीबद्दल टिपण करून ठेवायची. शिवाय १८७२ पासून पोरींसाठी लांबलचक पत्रं लिहायला लागली. ती पत्रं सगळ्यांपुढे वाचून दाखवत आणि छापून हातात देत. अधूनमधून हा क्रम १९०० पर्यंत चालला. तेव्हा ती ऐंशीची होती. वॉर्डात न येणारी बाई वॉर्डातल्या पोरींना जवळची वाटायची, आणि वॉर्डाशेजारी राहणारा डॉक्टर असून नसल्यासारखा.

(ही बाई भारतात कधी आली नाही, तरी भारतातल्या खेड्यांच्या सांडपाण्यावर आणि दुष्काळावर कितीतरी लिहून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

आता आपल्याकडे. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. तिथे एडिथ पेची या इंग्रज डॉक्टरबाईंनी नर्सेसचं प्रशिक्षण उभं केलं. १८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय नर्स म्हणून नर्सिंगच्या पुस्तकांत येतं. पण बायका यायच्या कुठून? परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, मलमूत्र काढायचं, कोणत्याही जातीच्या रुग्णाला पाणी पाजायचं. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत तर हे काम करणाऱ्या बाईशी कुणी सोयरीक करणार नव्हतं.

इथे रमाबाई रानडे येतात. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. त्यानंतर रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं, गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या सोबत होते. सेवासदनातून ससून रुग्णालयात बायकांना नर्सिंग शिकायला पाठवायचं, त्यांच्या राहण्याची सोय करायची, असं काम सुरू झालं. येणाऱ्यांत विधवा पुष्कळ होत्या. घरी त्यांना किंमत नव्हती, बाहेर निघाल्या तर लोक बोलणार. रमाबाई स्वतः नर्स नव्हत्या, त्या वॉर्डात काही शिकवणार नव्हत्या. पण ससूनमध्ये जाऊन रुग्णांना फळं-फुलं देण्याचा त्यांचा परिपाठ होता. आपल्या पोरी जिथे राबतात तिथे आपणही जायचं, हे त्यांनी ठरवून केलं असावं असं मला वाटतं.

एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. एका समारंभात नर्सिंग शिकणारी एक विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली. केशवपन केलेलं, अंगावर लाल आलवण, डोक्यावरून पदर. गॅलरीतल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली. रमाबाईंचा स्वभाव शांत, पण त्या दिवशी समारोपाला उठल्या आणि त्या शिकलेल्या पोरांना भर सभेत झापलं. त्या बाईला बक्षिसापेक्षा हे जास्त उपयोगी पडलं असणार. आपल्या बाजूने कुणीतरी उभं राहतं हे दिसलं की माणूस दुसऱ्या दिवशी ड्युटीला जातो. नाहीतर घरी परत जातो.

या सगळ्याला आजच्या अभ्यासकांचा एक कोरडा शब्द आहे, 'एंगेजमेंट'. शिक्षकाची गुंतवणूक म्हणा. अमेरिकेत १९८७ मध्ये चिकरिंग आणि गॅमसन या दोघांनी चांगल्या शिकवण्याची सात तत्त्वं लिहिली, त्यांत पहिलंच तत्त्व शिक्षक-विद्यार्थी संपर्काचं. पुढे ऑनलाईन शिक्षण आलं. २००० मध्ये गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातल्या अभ्यासकांनी मांडलं की पडद्यावरच्या शिकण्यातही 'शिकवणाऱ्याची हजेरी' लागते. ही हजेरी कॅमेऱ्यात तोंड दिसण्याची नाही. शिकवणाऱ्याने अभ्यास आखला का, चर्चा पुढे नेली का, चुकीच्या ठिकाणी थांबवलं का, ही ती हजेरी.

ती नसली तर काय होतं याचा एक आकडा देतो. हार्वर्ड आणि एमआयटी या जगातल्या नामांकित संस्थांनी फुकट ऑनलाईन कोर्स काढले. उत्तम प्राध्यापक, उत्तम व्हिडिओ. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. आता यात नुसतं बघायला आलेले हौशेगवशेही आहेत, हे मान्य. पण सर्टिफिकेटसाठी पैसे भरणाऱ्यांतलेही निम्म्याहून जास्त मधेच गळाले. व्हिडिओत प्राध्यापक कितीही हुशार असू द्या, तुम्ही चार दिवस आला नाहीत तर तो विचारत नाही, "का गं, कुठे होतीस?"

दूरशिक्षण म्हणजे फसवणूक, असं मात्र मी म्हणत नाही. आपल्याकडे याची चांगली परंपरा आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शेतमजुरांच्या पोरांना पदवीपर्यंत घेऊन गेलं. या विद्यापीठाने शिक्षकाला शब्दही वेगळा दिला, 'समंत्रक'. तो नुसतं शिकवत नाही, पुस्तक तुम्ही घरी वाचायचं आणि अडलं तिथे त्याच्याशी बसायचं. मला हा शब्द फार आवडतो, जरी रविवारच्या संपर्क सत्राला समंत्रक आणि विद्यार्थी दोघेही दांडी मारतात हे मी डोळ्यांनी पाहिलेलं असलं तरी.

नर्सिंगमध्ये हे काम इग्नूने केलं. १९९४ मध्ये त्यांनी दूरशिक्षणातून पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग सुरू केलं. हे नीट समजून घ्या, कारण जाहिरातवाले याचाच हवाला देतात. हा अभ्यासक्रम बारावी झालेल्या पोरींसाठी नव्हता. आधीच जीएनएम झालेल्या, नोंदणी असलेल्या, नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी होता. कमीत कमी तीन वर्षं, पुस्तकं पोस्टाने, गृहपाठ लिहून पाठवायचे, आणि प्रॅक्टिकलसाठी ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जायचंच.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त सिस्टर आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात त्यांची हयात गेली. नाव लिहू नको म्हणाल्या. त्यांनी ही पदवी नोकरी, दोन लेकरं आणि सासूचं आजारपण सांभाळून घेतली. त्यांचा एक गृहपाठ होता, रक्त कमी असलेल्या गरोदर बाईची काळजी. त्यांनी पुस्तकातलं उतरवलं, हिरव्या पालेभाज्या, फळं, लोहाच्या गोळ्या. गृहपाठ तपासून परत आला तो समासात लाल शाईने भरून. बाईच्या घरी रोज काय शिजतं ते विचारलं का? गोळी चहासोबत घेते का? आणि शेवटी, सिकलसेलची तपासणी केली का?

विदर्भात काम केलेल्या कुणालाही या तिसऱ्या प्रश्नाचं वजन कळेल. आपल्याकडे सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. रक्त कमी दिसलं की लोहाची गोळी, एवढ्यावर थांबलं तर खरा आजार झाकला जातो. चहासोबत गोळी घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. पुस्तकात हे सगळं कुठे ना कुठे होतं. पण ते या बाईच्या, या गावच्या पेशंटला जोडून देणारं माणूस नागपूर-भंडारा अंतराच्या पलीकडे बसलेलं होतं आणि त्याने पेन उचललं होतं. सिस्टर म्हणाल्या, "त्यानंतर नोकरी संपेपर्यंत एकाही पांढऱ्या पडलेल्या बाईला मी तीन प्रश्न विचारल्याबिगर सोडलं नाही." त्या तपासणाऱ्या मॅडमचा चेहरा त्यांना आज आठवत नाही. अक्षर आठवतं.

पुढे त्यांनी आणखी एक छोटा कोर्स दुसऱ्या एका संस्थेतून केला. संस्थेचं नाव इथे नको. तिथे गृहपाठ परत आले ते फक्त बरोबरची खूण आणि मार्क घेऊन. एका गृहपाठात त्यांनी मुद्दाम मधे एक पान कोरं ठेवलं. मार्क तेवढेच पडले. मग त्यांनीही लिहायचं सोडलं, उतरवायला लागल्या.

आता लॉकडाऊन. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला, नर्सिंग कॉलेजं बंद, होस्टेल रिकामी. लाखांदूर तालुक्यातल्या एकाच गावच्या दोन पोरी मला माहीत आहेत, दोघी जीएनएमला, दोन वेगळ्या कॉलेजात. दोघी गावी आल्या. रेंज मिळायची ती बोडीच्या पाळीवर चढलं तर. जुलैत रोवणी लागली, घरचे म्हणाले मोबाईल ठेव आणि बांधीत चल. ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला महापूर आला, कित्येक गावांची वीज गेली. अडचणी दोघींना सारख्याच.

पहिलीच्या कॉलेजात ऐंशी पोरी एका मीटिंगमध्ये, कॅमेरे बंद, मॅडम पीपीटी वाचून दाखवायच्या. हजेरी म्हणजे चॅटमध्ये 'प्रेझेंट मॅम'. ही रोवणीच्या बांधीतून प्रेझेंट टाकायची, मोबाईल ओच्यात. कुणाला पत्ता नाही.

दुसरीच्या कॉलेजात ट्यूटरने वर्गाचे दहा-दहाचे गट पाडले. लाईव्ह क्लास कमी, कारण गावात नेट टिकत नाही हे त्यांनी पहिल्या आठवड्यात ओळखलं होतं. काम द्यायच्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची नाडी मोजा, श्वास मोजा, तक्ता भरून फोटो पाठवा. हिने आजीची नाडी मोजून पाठवली. संध्याकाळी ट्यूटरचा व्हॉइस मेसेज, "पूर्ण साठ सेकंद मोजलीस की पंधरा सेकंद मोजून चारने गुणलंस?" हिने गुणलं होतं. "आजीचं वय बघ. ठोके अनियमित असले तर पंधरा सेकंदांत ते कळणार नाही. उद्या पूर्ण मिनिट मोज." दुसऱ्या दिवशी मोजली तर मधे मधे एक ठोका गळत होता. आजीला दवाखान्यात नेलं. हे मी बातमी म्हणून कधी छापलं नाही, छापायला हवं होतं की नाही अजून कळत नाही.

दोघी पास झाल्या. तो काळच तसा होता, सगळेच पास झाले. पण कॉलेज सुरू झाल्यावर पहिली वॉर्डात उभी राहिली तेव्हा तिचे हात थरथरायचे, हे तिनेच मला सांगितलं. सहा महिने तिने अक्षरशः पहिल्यापासून शिकून काढले. आज दोघी नोकरीत आहेत, पहिलीही चांगलं काम करते. पण तिच्या सहा महिन्यांची भरपाई तिने एकटीने केली.

दोन पोरींवरून सिद्धांत काढायचा नसतो, हे मला कळतं. यावरच्या अभ्यासांतही एक अडचण असतेच. शिक्षक लक्ष देतो म्हणून पोरगी टिकते, की मुळात टिकणारी पोरगीच शिक्षकाला प्रश्न विचारते म्हणून त्याचं लक्ष जास्त दिसतं? हे सुटं करणं सोपं नाही. तरी सेंट थॉमसपासून लाखांदूरपर्यंत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अंतराने तेवढं बिघडत नाही, जेवढं उत्तर न आल्याने बिघडतं. आणि वॉर्डातल्या कामाला पर्याय पत्रालाही नव्हता आणि पडद्यालाही नाही. नाइटिंगेलच्या पोरी पत्र वाचून परत वॉर्डातच जात होत्या.

हे सगळं आपल्या भंडाऱ्यात बोलायचं कारण वेगळं सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ ची रात्र. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली, सात वाचवली. त्या रात्रीचा संबंध मी ऑनलाईन शिक्षणाशी जोडत नाही, तसा तो नाहीच. पण त्या दिवसापासून मध्यरात्रीच्या वॉर्डात ड्युटीवर एक-दोन नर्सेस असतात तेव्हा त्यांच्याकडून आपण काय काय अपेक्षा करतो, हे या जिल्ह्यातला माणूस विसरू शकत नाही. आणि आज ज्या पोरी शिकताहेत त्या उद्या त्या ड्युटीवर असणार आहेत.

प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, होस्टेल विचारतो, नोकरी लागते का विचारतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे, तीन पेशंटमागे एक विद्यार्थी असा आहे. तेव्हा काका, आणि बाकी सगळेच, कॉलेजात गेलात की हे विचारा. ट्यूटर किती आहेत? कागदावरचे नको, आज हजर किती? प्रॅक्टिकलला पोरींसोबत वॉर्डात कोण उभं राहतं? थिअरीचा काही भाग मोबाईलवर असेल तर हरकत नाही, पण वही कोण तपासतं, आणि पोरगी आठवडाभर दिसली नाही तर फोन कोण करतं? आणि जमलं तर शेवटच्या वर्षाच्या एखाद्या पोरीला तिची तपासलेली वही दाखवायला सांगा. समासात काही लिहिलेलं आहे का बघा.

जिल्ह्यातल्या नर्सिंग संस्थांत मंजूर शिक्षक किती आणि भरलेली पदं किती, यासाठी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की आकडे तालुक्यानुसार इथेच टाकतो, नाही आलं तर अपिलाची तारीख टाकतो.